जुन्या मोटारीचे लाकडी स्टिअरिंग : राखावे, खरवडावे की बदलावे?

प्रश्न कुठून सुरू होतो

हाताच्या घामाने काळवंडलेली कडा, जागोजागी सुटलेले पॉलिशचे पोपडे आणि जोडावर केसाएवढी भेग. लाकडी स्टिअरिंगची जुनी मोटार ज्याने सांभाळली आहे त्याला हे ओळखीचे आहे. पुढे काय करायचे यावर मात्र जाणकारांत एकमत नाही. काहींच्या मते जुने पॉलिश पूर्ण उतरवून, भेगा भरून स्टिअरिंग कारखान्यातून आले तसे करावे. काहींच्या मते त्या काळवंडलेल्या कडेवरच गाडीचा इतिहास आहे, म्हणून तिला शक्य तितके कमी हात लावावेत. मूळ चाक कपाटात ठेवून रस्त्यावर नवी प्रतिकृती वापरणारेही बरेच आहेत.

ही चर्चा मुख्यतः इंग्लंड, इटली आणि अमेरिकेत झाली. मी तिच्याकडे साखऱ्याहून पाहतो आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात लाकडी स्टिअरिंगची मोटार रस्त्यावर भेटत नाही. आमच्या भागात जुनी गाडी म्हणजे जीप, ॲम्बॅसिडर किंवा फियाट, आणि या तिन्हींची स्टिअरिंगे साच्यातली. पण लाकूडकाम करणारा सुतार इथे आहे, लाखेचे पॉलिश माहीत असलेली माणसे आहेत, आणि एप्रिल-मेचे ऊन आहे. हे ऊन हिशेबात घेतले की परदेशी वादातले बरेच युक्तिवाद जागचे हलतात. तिकडे भांडण दिसण्यावरून आहे. इकडे अडचण अशी की पॉलिशचे जे पदार्थ पुढे कधी सहज काढता येतात ते उन्हात टिकत नाहीत, आणि जे टिकतात ते सहज निघत नाहीत.

लाकूड स्टिअरिंगवर आले कसे

सुरुवातीच्या मोटारींना स्टिअरिंगचे चाकच नव्हते. नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानार गाडीला चाक बसवले, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला. चाकाची कडा लाकडाची असणे स्वाभाविक होते. घोडागाड्या बांधणारे सुतारच मोटारींची बांधणी करत होते. शिवाय लाकूड थंडीत हाताला गार लागत नाही, उन्हात लोखंडाइतके चटका देत नाही आणि इंजिनाची थरथर थोडी शोषून घेते.

पुढे कडक रबर, सेल्युलॉइड आणि साच्यातले प्लास्टिक आले. मोठ्या संख्येने गाड्या काढणाऱ्यांना तेच परवडणारे होते. लाकूड टिकले ते शर्यतीच्या आणि शौकाच्या गाड्यांत. १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ चे चार आऱ्यांचे लाकडी कडेचे स्टिअरिंग आजही नमुना म्हणून दाखवले जाते. १९५० च्या दशकात इटलीत एन्रिको नार्दी यांनी ॲल्युमिनियमचे आरे आणि घोटीव लाकडी कडा यांचा जो मेळ घातला, तो फेरारीसारख्या गाड्यांतून जगभर गेला. १९६१ च्या जग्वार ई-टाइपमध्येही तीन आऱ्यांचे लाकडी स्टिअरिंग होते. १९६८ पासून अमेरिकेत स्टिअरिंगच्या आघातापासून चालकाला वाचवण्याचे नियम लागू झाले आणि त्यानंतर मूळ बांधणीतले लाकूड हळूहळू मागे पडत गेले.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० रस्त्यावर आली. या सामान्य गाड्यांना लाकडी स्टिअरिंग नव्हते. ज्यांना हौस होती ते बाजारातून लाकडी कडेचे स्टिअरिंग घेऊन बसवत. म्हणून महाराष्ट्रात आज दुरुस्तीला येणाऱ्या लाकडी स्टिअरिंगांचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. काही संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या आयात गाड्यांची आहेत, काही मागाहून हौसेने बसवलेली. दोन्हींना एकच न्याय लावता येत नाही, आणि वादातली बरीच गफलत या दोन्हींना एका रांगेत बसवल्याने होते.

लाकूड फाटते का

पॉलिशचा वाद समजायचा तर आधी भेग समजली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या मध्यातल्या चांगल्या स्टिअरिंगमध्ये आरे आणि एक सपाट कडे एकाच धातूच्या पत्र्यातून कापलेले असतात. त्या कड्याच्या खाली-वर लाकडाची अर्धी-अर्धी कडी चिकटवून रिव्हेट मारलेले असतात. लाकडी कडे अखंड नसते. कमानदार तुकडे टोकाला टोक जोडून किंवा पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून ते तयार होते. म्हणजे धातू, सरस किंवा तत्सम चिकट पदार्थ आणि लाकूड अशा तीन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात.

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. मराठवाड्यात मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाते. श्रावणात ती ऐंशीच्या वर असते. या हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात उन्हाळ्यात साधारण चार टक्के ओल उरते, पावसाळ्यात सोळा टक्क्यांपर्यंत चढते. त्यानुसार लाकूड आडव्या अंगाने आक्रसते आणि फुगते. ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत सागवान वर्तुळरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याच्या दिशेने २.५ टक्के आक्रसते. महोगनीसाठी हे आकडे ४.१ आणि ३.०, अमेरिकी काळ्या अक्रोडासाठी ७.८ आणि ५.५. आपल्या ऋतूंत यातला साधारण चाळीस टक्के भाग प्रत्यक्ष अनुभवाला येतो. म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या सागवानी कडेत उन्हाळा आणि पावसाळा यांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडू शकतो. अक्रोडात तो त्याहून जास्त.

उष्णतेचा हिशेब वेगळा. पंधरा इंच व्यासाच्या स्टिअरिंगचा परीघ सुमारे १२० सेंटिमीटर असतो. सकाळच्या गारव्यापासून दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीपर्यंत तापमान ५० अंशांनी चढले, तर ॲल्युमिनियमचे तेवढे कडे सुमारे १.४ मिलिमीटर वाढू पाहते. लाकूड तंतूंच्या दिशेने त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही वाढत नाही. हा जोर येतो तो तुकड्यांच्या सांध्यांवर. म्हणूनच भेगा बहुतेक वेळा लाकडाच्या अंगात न पडता जोडावर उघडतात.

आमच्याकडच्या बैलगाडीच्या सुतारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. चाकाच्या पुठ्यांवर धाव बसवताना लोहार ती लाल तापवतो. निवताना ती आवळते आणि सगळे सांधे घट्ट धरते. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल होते, आणि चाक ओढ्यात बुडवून ठेवले की पुन्हा बसते. तिथे धातू बाहेर आहे आणि लाकूड आत, त्यामुळे लाकूड आक्रसले तरी फाटत नाही, फक्त सैल पडते. स्टिअरिंगमध्ये नेमके उलटे आहे. धातू आत आणि लाकूड बाहेर. लाकडाला आक्रसायचे असते आणि आतला धातू ते होऊ देत नाही. मग लाकूड फाटण्यावाचून राहत नाही. ओढ्याचा उपाय इथे अर्थातच चालत नाही, कारण पाण्याने सरसाचे सांधे सुटतात आणि आतले पोलादी कडे असेल तर गंजते.

जे पॉलिश लाकडाला ओलीपासून जितके अडवते, तितकी ही हालचाल मंदावते. पॉलिश चमकेसाठी असते हा समज म्हणूनच अपुरा आहे. गाडी चालवायची असेल तर पॉलिश हा लाकडाच्या टिकण्याचाच प्रश्न आहे.

पूर्ण नवे करा, म्हणणारे

पहिली बाजू कारागिरांची आणि स्पर्धांत उतरणाऱ्या मालकांची आहे. त्यांचे म्हणणे सरळ आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा स्टिअरिंग चकचकीत होते. आज दिसणारा काळा थर हा हाताचा मळ, तेल आणि कुजलेले पॉलिश आहे, आणि त्याला इतिहास म्हणणे म्हणजे घाणीला मान देणे. फुटलेल्या पॉलिशमधून ओल आत शिरते, म्हणून न करण्याचा पर्यायही लाकडाला हानीच करतो.

या पद्धतीचे काम असे चालते. आधी हॉर्नचे बटण काढून, खांबावर आणि चाकावर जुळणीची खूण करून, पुलरने चाक उतरवायचे. खूण करायची राहून गेली तर गाडी सरळ जाताना आरे वाकडे दिसतात. मग जुने पॉलिश कशाचे आहे ते तपासायचे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मागच्या बाजूला टेकवला आणि पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे. स्पिरिटला दाद न देता थिनरने विरघळले तर नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ड्युको म्हणतात त्या जातीचे. दोन्हींना दाद दिली नाही तर तेलाचे व्हार्निश किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

उतरवताना होणाऱ्या चुका कारागिरांना पाठ आहेत. कॉस्टिकचे पाणी लाकूड काळे करते आणि ॲल्युमिनियमचे आरे खाते, म्हणून ते वर्ज्य. गरम हवेच्या बंदुकीने पॉलिश सुटते, पण त्याआधी सांधाही सुटू शकतो. पॉलिश पेपर थेट फिरवला तर ॲल्युमिनियमच्या रिव्हेटांची करडी भुकटी लाकडाच्या रंध्रांत बसते आणि निघत नाही. सगळ्यात मोठी हानी मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचांची होते. १२० नंबरचा पेपर जरा जोराने चालला की त्या खाचांच्या कडा गुळगुळीत होतात आणि चाकाचा मूळ घाट जातो. जुने सुतार पॉलिश काढायला फुटक्या काचेची धार वापरतात. ती सवयीच्या हातात पेपरपेक्षा कमी लाकूड घेते, आणि खाचांच्या बाबतीत मला ती पद्धत जास्त भरवशाची वाटते.

भेगांसाठी हल्ली बहुधा इपॉक्सी वापरतात, कारण ते आक्रसत नाही आणि धातूला धरते. सागवान आणि शिसव यांच्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे चिकटवण्यापूर्वी पृष्ठ थिनर किंवा ॲसिटोनने पुसले नाही तर जोड वर्षभरात पुन्हा उघडतो. मोठ्या भेगेत नुसती लांबी भरणे सगळ्यांनाच नापसंत आहे: लाकूड हलते, लांबी हलत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिची कड दिसू लागते.

हात लावू नका, म्हणणारे

दुसरी बाजू जतनाची आहे. तिला वैचारिक बैठक मिळाली ती इमारतींच्या जतनातून. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या बाबतीत जे तत्त्व मांडले, त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचा आशय असा: वाहनाच्या इतिहासात झालेले बदलही त्याचा भाग आहेत, हस्तक्षेप गरजेपुरता असावा, बदललेला भाग अभ्यासकाला ओळखता यावा, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहावी.

स्टिअरिंगला हे तत्त्व लावले तर काम फार थोडे उरते. मळ सौम्य साबणाच्या जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसायचा, सुटलेले पोपडे बसवायचे, भेग वाढू नये इतपत भरायची, वर मेणाचा हात द्यायचा. कडेचा जो भाग डाव्या-उजव्या हाताने झिजला आहे तो तसाच ठेवायचा. या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा असा की मूळ पॉलिशचा पुरावा एकदा खरवडला की कायमचा जातो. त्यात कोणता रंग होता, किती थर होते, कारखान्याने लाख वापरली की व्हार्निश, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. नवे पॉलिश मात्र केव्हाही चढवता येते.

अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून भरणाऱ्या प्रदर्शन-स्पर्धेत आज डागडुजी न केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यामुळे जुना थर राखणे ही केवळ संग्रहालयाची भाषा राहिलेली नाही. त्याला बक्षीस आणि किंमत दोन्ही मिळू लागली. आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत कार्तिएने अशा स्पर्धेचे पहिले भारतीय पर्व भरवले, तेव्हापासून गुणांकनाची ही भाषा इथल्या मालकांपर्यंतही पोचली आहे.

जतनवाद्यांना विचारावा असा प्रश्न एकच: गाडी चालते की उभी असते? कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती तिथे वाहन म्हणून येते. जी गाडी वर्षातून एकदा का होईना, माणसाच्या हाताने वळवली जाते, तिच्या प्रत्येक भागावर घाम, ऊन आणि जोर येणारच. चालत्या गाडीला संग्रहालयाचे नियम जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. पण चालत्या गाडीतही खरवडण्यापूर्वी एका कोपऱ्यातला मूळ थर राखून ठेवता येतो, निदान त्याचे छायाचित्र घेता येते, आणि एवढे करायला कोणाचीच हरकत नसावी.

प्रतिकृतीची वाट

तिसऱ्या वाटेबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. मूळ चाक काढून, कापडात गुंडाळून, घरातल्या थंड जागी ठेवायचे आणि गाडीला नवे बसवायचे. यात दोन्ही बाजूंचे समाधान होते, पण खर्च वाढतो, आणि दोन पिढ्यांनी मूळ चाक आणि गाडी यांची ताटातूट होण्याचा धोका राहतो. नवे चाक शिसवाचे करून परदेशी पाठवायचे असेल तर आणखी एक गोष्ट: २०१७ पासून शिसवाचा सगळा वर्ग आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, म्हणून कागदपत्रे आधी पाहावीत.

मागाहून हौसेने बसवलेल्या लाकडी स्टिअरिंगांचे काय, हा प्रश्न या वाटेवर पुढे येतो. १९६०-७० च्या दशकात फियाटला बसवलेले लाकडी चाक मूळ नाही म्हणून काढून टाकावे का? फिवाची वर्गवारी त्या काळातच झालेले बदल वेगळे ओळखते आणि त्यांना स्थान देते. ते चाक त्या गाडीच्या आयुष्याचा भाग असेल, तर त्याला मूळ चाकाइतकीच काळजी मिळावी असे म्हणणारे वाढत आहेत. मीही त्यांच्यात आहे.

चढवायचे काय

हाच वादाचा सर्वांत तापलेला भाग, आणि आपल्या हवामानाचा प्रश्न इथेच येतो.

लाखेचे पॉलिश आपले घरचे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी लाख, तिचा चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर घासत जायचे. तिची खोली आणि उबदारपणा दुसऱ्या कशाला नाही. ती केव्हाही स्पिरिटने काढता येते, जागच्या जागी दुरुस्त करता येते, आणि तिच्याखालचे लाकूड तसेच राहते. जतनवाद्यांना ती प्रिय आहे ती यामुळे. पण लाख सुमारे ७५ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेजवळचा भाग ७० अंशांच्या घरात जाऊ शकतो. अशा स्टिअरिंगवर दुपारी हात ठेवला तर बोटांचे ठसे उमटतात. २०२० मध्ये गाडीगाडीत सॅनिटायझरची बाटली आली. तो जवळजवळ स्पिरिटच आहे, आणि सॅनिटायझर लावलेल्या हाताने लाखेचे स्टिअरिंग धरणे म्हणजे पॉलिश पुसणेच. इंग्लंडच्या गॅरेजमध्ये लाख चालेलही. परभणी-हिंगोलीच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ती चालत नाही.

संग्रहालयांत सुटलेले थर बसवायला जे ॲक्रिलिक राळ वापरतात, पॅरालॉइड बी-७२, त्याची अडचण याहून मोठी. ते काढता येते म्हणून जतनतज्ज्ञांच्या पसंतीचे आहे, पण सुमारे ४० अंशांना ते काचेसारखा कडकपणा सोडून मऊ होऊ लागते. थंड दालनात याने काही बिघडत नाही. मराठवाड्यात ४० अंश हे उन्हाळ्याच्या सावलीचे तापमान आहे. भेगांत भरलेले घरगुती इपॉक्सीही साधारण साठ अंशांच्या पुढे आपला जोर सोडू लागते. जुना सरस कोरड्या उन्हात ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो.

तेलाची बाजू घेणारे थोडे आहेत, पण निष्ठावान आहेत. जवसाचे उकळलेले तेल किंवा तुंग तेल लाकडात मुरते, पोपडे येत नाहीत, आणि घासलेला भाग पुन्हा तेल देऊन सुधारता येतो. ते ओल फारशी अडवत नाही हा त्याचा दोष, आणि जवसाचे तेल कालांतराने काळपट होते. एक सावधगिरी इथे सांगितली पाहिजे: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात टाकावी.

जहाजांच्या लाकडासाठी बनवलेले लवचिक व्हार्निश ही मधली निवड. लाकूड हलते तसे ते थोडे ताणले जाते, आणि त्यात सूर्यकिरण अडवणारी द्रव्ये असतात. सूर्यप्रकाश पारदर्शक थरातून आत जाऊन लाकडातल्या लिग्निनचा नाश करतो. मग वरचा थर कितीही चांगला असला तरी खालचेच लाकूड सुटल्याने पापुद्रा निघतो. किरण अडवणारे व्हार्निश हा क्षय रोखत नाही, पण लांबवते. सात-आठ पातळ हात देऊन, प्रत्येक हातानंतर ३२० किंवा ४०० च्या पेपरने हलके घासून केलेले काम दिसायलाही सुरेख असते.

फर्निचरच्या दुकानांत आज सर्वांत जास्त मागणी पीयूला आणि गाड्यांच्या रंगशाळांत दोन भाग मिसळून मारायच्या टू-के क्लिअरला आहे. हा थर उष्णतेला, घामाला, स्पिरिटला, सगळ्यालाच पुरून उरतो. त्याची चमक काचेसारखी असते, आणि काहींना नेमकी तीच खटकते. त्याहून गंभीर दोष असा की तो पुन्हा काढायचा तर लाकडासकट घासावा लागतो. कडक असल्यामुळे जोडाची हालचाल तो सोसत नाही. जोडावर आधी तो तडकतो आणि मग त्या तडीतून ओल आत जाऊन खालचे लाकूड काळे पडते. मारणाऱ्या कारागिराचा प्रश्नही आहे. टू-के मधल्या आयसोसायनेटची वाफ श्वसनाला घातक आहे, आणि नाकाला रुमाल बांधून हे काम करणारी मुले आपल्याकडे अजून दिसतात. कोणतेही पॉलिश निवडताना हे विसरता कामा नये.

या सगळ्यांतून माझा कल असा आहे: सावलीत राहणाऱ्या आणि क्वचित निघणाऱ्या गाडीला लाख, नियमित निघणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला लवचिक व्हार्निश. टू-के मला मागाहून बसवलेल्या किंवा नव्या केलेल्या कडेवरच योग्य वाटते.

मजबुती आणि नियम

पॉलिशच्या वादात एक गोष्ट मागे राहते. स्टिअरिंग हा सजावटीचा भाग नाही. आत धातूचे कडे असेल तर लाकूड मुख्यतः पकडीपुरते असते; पण अगदी जुन्या गाड्यांत, जिथे आरे लाकडात नुसते स्क्रूने धरलेले असतात, तिथे कडेचा सारा जोर लाकडावर येतो. चाक उतरवल्यावर दोन्ही हातांनी हलके पिळून पाहावे. सांधा उघडझाप करत असेल, रिव्हेट खडखडत असतील किंवा आतल्या कड्यावर गंजाचा फुगवटा असेल, तर त्यावर पॉलिश चढवून गाडी रस्त्यावर काढू नये. जतनवादी असोत की नवे करणारे, या मुद्द्यावर गंभीर कारागिरांत मतभेद नाहीत. अपघातात लाकडी कडेच्या ढलप्या उडण्याचा धोका मात्र मजबूत चाकातही राहतो, आणि तो कोणत्याही पॉलिशने जात नाही.

नियमांचे म्हणाल तर, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मोठ्या फेरबदलात नियम चॅसी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांतील बदल मोजतो. त्यामुळे स्टिअरिंगचे पॉलिश किंवा सांधेजोड नोंदणीच्या आड येत नाही. अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नाहीत, प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येतात. याचा पॉलिशच्या निवडीवर थेट परिणाम होतो: ज्या गाडीची अशी नोंद झाली ती वर्षाचा बहुतेक काळ सावलीत असणार, आणि तिच्यासाठी लाखेचा पर्याय पुन्हा खुला होतो.

काय सुटलेले नाही

पहिली गाठ मळ आणि काळाचा थर यांतल्या सीमारेषेची. हाताचे तेल आणि पॉलिश दशकानुदशके एकमेकांत मुरले की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. कुठे थांबायचे हे आजही कारागिराच्या डोळ्यावर आहे, आणि दोन चांगले कारागीर वेगवेगळ्या जागी थांबतात.

दुसरी गाठ नोंदीची. आपल्याकडे संस्थानिकांच्या गाड्यांची कामे पिढ्यानपिढ्या तोंडी ज्ञानावर झाली. कोणत्या सालात कोणते पॉलिश चढले, कोणते तुकडे बदलले, याची लेखी नोंद क्वचित असते. मूळ थर कोणता, हा प्रश्न त्यामुळे पुष्कळदा उत्तराविना राहतो, आणि ट्यूरिन सनदेची अपेक्षा कागदावरच राहते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तिथली शिस्त मोटारींच्या कार्यशाळांपर्यंत कशी पोचेल याचा रस्ता अजून कोणी आखलेला नाही.

तिसरी गाठ कारागिरांची. बैलगाड्या कमी झाल्या तशी कमानदार तुकडे जोडून गोल कडे करणारी सुतारी गावांतून जवळजवळ गेली. आज सुतारकाम म्हणजे प्लायवूड आणि लॅमिनेट. हाताने गोलाई राखत घासणे आणि बोळ्याने लाख चढवणे ही दोन्ही कौशल्ये जाणणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची आहेत.

चौथी गाठ तांत्रिक आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फर्निचरच्या जतनात एक युक्ती सांगितली जाते: मूळ लाकडावर आधी मेण काढलेल्या लाखेचा पातळ थर द्यावा आणि टिकाऊ व्हार्निश त्यावर मारावे, म्हणजे पुढे कधी वरचे व्हार्निश काढायचे झाले तर लाखेच्या थराशी ते सुटे होईल आणि मूळ पृष्ठ वाचेल. काढता येण्याची सोय आणि टिकाऊपणा दोन्ही एकत्र मिळतील, असा तिचा दावा. पण बंद गाडीत ७० अंशांवर तो मधला लाखेचा थर मऊ पडला तर वरचे व्हार्निश सरकेल का, त्यावर सुरकुत्या पडतील का, की इतका पातळ थर दोन्हींच्या मध्ये धरून राहील? थंड देशांत या प्रश्नाची गरज पडली नाही, म्हणून तिकडच्या अनुभवावरून उत्तर काढता येत नाही. हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सागवान, महोगनी आणि अक्रोडाचे एकेक कमानदार तुकडे ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून, काहींना लाखेचा मधला थर देऊन आणि काहींना न देता, मेच्या पहिल्या आठवड्यापासून पोळ्यापर्यंत साखऱ्यात एखाद्या बंद गाडीच्या काचेमागे आणि तसेच मुंबईच्या दमट हवेत ठेवावेत, आणि दर पंधरवड्याला भेगा मोजाव्यात.